सही करण्यापूर्वी इमारतीचा कस पाहा

क्रॉफर्ड मार्केट ते जे. जे.चा नाका आणि मस्जिद बंदर ते भुलेश्वर या पट्ट्यात आज अशी गल्ली सापडणे कठीण आहे, जेथे एखाद्या तरी इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू नाहीत. खाली दुकान, वर बिऱ्हाडे, तीन-चार माळे आणि लाकडी जिना अशी जी आपली पिढीजात इमारत, तिच्या जागी काँक्रीटची नवी इमारत येणार हे आता सर्वांनी धरूनच ठेवले आहे. बैठकीत चर्चा होते ती मात्र एकाच गोष्टीची. किती चौरस फूट मिळणार? तीनशे की साडेतीनशे? दुकानाला किती? आकडा थोडा वाढला की संमतीपत्रावर सह्या होतात आणि चहा येतो.

आम्ही कापडवाले साधे मांजरपाट घेतानासुद्धा नुसते वार मोजून घेत नाही. पन्हा पाहतो, सूत किती काउंटचे, इंचाला धागे किती, धुतल्यावर किती आटेल, हे विचारतो. मग ज्या छताखाली मुले-नातवंडे झोपणार आणि ज्या जमिनीवर लाखोंचा माल रचला जाणार, ते छत आणि ती जमीन कशाची आहे हे न विचारता कसे चालेल? क्षेत्रफळ म्हणजे इमारतीचा पन्हा झाला. तिचा पोत वेगळा पाहावा लागतो. याकरिता जुनी इमारत कशाची होती, ती का थकली आणि नवी कशाची होते, हे थोडे समजून घ्यावे.

जुन्या मुंबईची बहुतेक घरे विटांच्या जाड भिंती आणि सागवानाचा सांगाडा यांवर उभी आहेत. १८९६ मध्ये शहरात प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये बॉम्बे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, मोहम्मद अली रोड यांसारखे रुंद रस्ते काढले गेले. या रस्त्यांच्या दुतर्फा आणि मागच्या गल्ल्यांतून ज्या इमारती उठल्या त्यांचा साग ब्रह्मदेशातून जहाजाने येई, दगड मालाड-कुर्ल्याच्या खाणींतून येई, आणि चुना घाणीत दळून जागेवरच तयार होई. विटांची भिंत वरच्या सर्व माळ्यांचा भार स्वतः उचलते. त्यामुळे माळे जितके जास्त तितकी तळची भिंत जाड करावी लागते. चार-पाच माळ्यांच्या पलीकडे गेले तर तळमजल्यावर भिंतच इतकी जागा खाते की दुकानाला काही उरत नाही. शिवाय लिफ्ट नव्हती. पाण्याची कळशी घेऊन सहाव्या माळ्यावर चढणार कोण? जुन्या शहराची जी एकसारखी उंची दुरून नजरेत भरते ती अशी विटेच्या ताकदीने आणि माणसाच्या गुडघ्यांनी ठरविलेली आहे.

लाकडाची इमारत म्हणजे कच्ची इमारत, असा एक मोठा गैरसमज आहे. चांगला साग कोरडा राहिला तर शंभर वर्षे सहज काढतो. तो मरतो पाण्याने. तुळईचे टोक जेथे भिंतीत शिरते तेथे ओल धरली की लाकूड आतून सडते आणि वरून रंग लावलेला असल्याने कुणाला पत्ता लागत नाही. बिऱ्हाडे वाढली तशी गॅलरीत मोरी झाली, मोरीचा संडास झाला, गच्चीवर पाण्याच्या टाक्या चढल्या. गळका नळ आणि फुटलेला पाईप यांनी जितकी घरे पाडली तितकी वयाने पाडली नसतील.

दुसरे कारण आपल्या धंद्याचे आहे, आणि ते आपण उघड बोलत नाही. राहत्या खोलीची जमीन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून आखली जाते. किरकोळ विक्रीच्या दुकानासाठी भारतीय मानकात हा आकडा साधारण ४०० किलो आहे, आणि वखारीसाठी किमान ७५० किलो. आता हिशोब करा. पॉपलिनचे, रुबियाचे तागे माणसाच्या छातीइतके रचले तर चौरस मीटरला पाच-सहाशे किलो वजन सहज होते. म्हणजे पहिल्या माळ्यावरचे बिऱ्हाड कुणी गोदाम म्हणून भाड्याने घेतले, तर राहण्यासाठी घातलेल्या त्या जमिनीवर तिच्या कुवतीच्या अडीच-तीनपट वजन रोज बसलेले असते. माणसे रात्री बाहेर जातात, माल जात नाही. जुन्या सागाच्या कड्यांनी हे ओझे वर्षानुवर्षे उचलले हे त्या लाकडाचे आणि ते बसविणाऱ्या सुतारांचे श्रेय आहे. नव्या इमारतीतही हा प्रश्न सुटत नाही, त्याकडे पुढे येतो.

तिसरे कारण कायद्याचे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. महागाईच्या दिवसांत गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर त्याने वाचविले, हे खरे. पण महिन्याला दहा-वीस रुपये मिळविणारा मालक दुरुस्तीला पैसा घालीना, आणि पागडी देऊन बसलेला भाडेकरू म्हणे की इमारत माझी कुठे आहे? शेवटी सरकारने १९६९ मध्ये कायदा करून इमारत दुरुस्ती मंडळ काढले आणि दुरुस्तीसाठी उपकर लावला. त्या वेळी मोजलेल्या उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. त्यांपैकी १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, म्हणजे 'अ' वर्गाच्या. १९९९ च्या नव्या भाडे कायद्याने दरवर्षी चार टक्के वाढीची मुभा दिली आणि पागडीला कायद्यात जागा दिली, पण मूळ भाडेच इतके अल्प की त्याच्या चार टक्क्यांत गवंड्याची एक दिवसाची मजुरीही सुटत नाही.

मंडळाच्या दुरुस्तीने अनेक इमारती टिकल्या. मात्र तिच्यात एक खोट राहून गेली. सडलेल्या सागाच्या जागी लोखंडी गर्डर टाकले गेले, मोरीच्या जागी काँक्रीटचा तुकडा स्लॅब घातला गेला. पाच इंची स्लॅबचे वजन चौरस मीटरला तीनशे किलोच्या घरात जाते. असा तुकडा चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीवर बसविला की भिंतीच्या एका भागावर भार एकवटतो. जुन्या चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा कडक गिलावा दिला की आतली ओल बाहेर पडण्याची वाटही बंद होते. रेशमाला गोणपाटाचे ठिगळ लावल्यासारखेच ते.

३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातील पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे गेली. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग पडला. बरोबर एक वर्षाने, १६ जुलै २०२० रोजी, फोर्टमध्ये भानुशाली इमारत. तिन्ही तारखा पावसाळ्यातल्या आहेत. म्हणून पुनर्विकास नकोच, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तो हवा. पण काय घेऊन काय देत आहोत ते कळले पाहिजे.

आता काँक्रीटकडे वळू. मुंबईत लोखंडी सळई घातलेल्या काँक्रीटचे, म्हणजे आरसीसीचे, युग खऱ्या अर्थाने १९३० नंतर आले. देशी सिमेंट वाढले होते, १९३६ मध्ये अनेक कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली, आणि त्याच सुमारास मरीन ड्राइव्ह व ओव्हलच्या पश्चिमेला एकसारख्या उंचीच्या, गोलाईदार गॅलऱ्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. पाच-सहा मजले, लिफ्ट, प्रत्येक घराला स्वतःचा संडास. २०१८ मध्ये युनेस्कोने हा भाग जागतिक वारशाच्या यादीत घेतला. मधल्या उंचीची इमारत सुखाची कशी असते याचा तो आजही उत्तम नमुना आहे.

आरसीसीचे तत्त्व विणकराला चटकन समजेल. काँक्रीट दाब सहन करते, पण ताण सहन करीत नाही. ओढले की तडकते. सळई ताण सहन करते. दोन्ही एकत्र केले की ताणा-बाणा जुळतो. भार भिंतीवरून कॉलम-बीमवर जातो, तळची भिंत पातळ होते, दुकान रुंद होते. भिंत फक्त आडोसा उरते. ही मोठीच सोय झाली. पण या कापडातला एक धागा गंजणारा आहे. काँक्रीटमधून हवा, ओल आणि मीठ सळईपर्यंत पोहोचले की ती गंजते. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा घेते आणि आतून रेटा देऊन काँक्रीटचे पोपडे पाडते. कॉलमला उभी बारीक चीर दिसली किंवा छताच्या गिलाव्यावर तांबूस डाग उमटले तर समजावे की आतला धागा तुटू लागला आहे.

१९६० ते १९९० च्या दरम्यान बांधलेल्या पुष्कळ इमारतींचे दुखणे हेच आहे. त्या काळात सिमेंट नियंत्रणात होते, परमिटवर मिळे; १९८२ मध्ये नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ मध्ये पूर्ण. जो माल परमिटवर मिळतो त्यात काटकसर आणि भेसळ दोन्ही होतात, हे ज्यांनी कंट्रोलचे कापड पाहिले त्यांना सांगायला नको. वाळू खाडीची, नीट न धुतलेली. त्या वेळच्या मानकानुसार आरसीसीला एम-१५ दर्जाचे काँक्रीटही चाले. २००० सालच्या सुधारित मानकाने तो दर्जा किमान एम-२० केला, आणि समुद्राच्या हवेत उघड्या पडणाऱ्या भागासाठी एम-३०. परिणाम असा की सागाच्या शंभर वर्षांच्या इमारतीशेजारी काँक्रीटची चाळीस वर्षांची इमारत तिच्याआधी टेकू लावून उभी दिसते. म्हाडाने जुन्या इमारती पाडून स्वतः बांधून दिलेल्या ३८८ इमारती आज पुन्हा पुनर्विकासाच्या यादीत आहेत. नवी इमारत म्हणजे शंभर वर्षांची निश्चिंती, असे समजणाऱ्यांनी या आकड्यावर जरा विचार करावा. ३० वर्षांवरील इमारतीची मजबुती तपासून दाखला देणे महापालिका कायद्याने बंधनकारक आहे, ते उगाच नव्हे.

मग माल पारखायचा कसा? इंजिनिअर नसलेल्या माणसालाही काही गोष्टी पाहता येतात.

पहिली गोष्ट काँक्रीटचा दर्जा. एम-२५, एम-३० यांतला आकडा म्हणजे २८ दिवसांनी ते काँक्रीट दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन दाब सोसते तो आकडा. एम-३० म्हणजे ढोबळमानाने चौरस सेंटिमीटरला ३०० किलो. प्रत्येक स्लॅब भरताना दीडशे मिलिमीटरचे ठोकळे भरून ठेवतात आणि ते ७ व्या व २८ व्या दिवशी दाबून फोडतात. त्याचे कागद असतात. भाडेकरूंच्या समितीने ते दर महिन्याला मागावेत, आणि मागण्याचा हक्क करारातच लिहून घ्यावा. कागद चांगला आणि स्लॅबवर पाणी नाही, असेही घडते. सिमेंटच्या जातीप्रमाणे सात ते दहा दिवस तरी स्लॅब ओला राहिला पाहिजे. हे पाहायला इंजिनिअर लागत नाही, जिना चढावा लागतो.

दुसरी गोष्ट सळईवरचे काँक्रीटचे आवरण. घराच्या आतल्या सुरक्षित भागात २० मिलिमीटर पुरते. समुद्राच्या हवेत उघड्या भागात मानक ४५ मिलिमीटर सांगते. हे अंतर राखण्यासाठी सळईखाली छोटे ठोकळे ठेवतात, त्यांना कव्हर ब्लॉक म्हणतात. काँक्रीट ओतण्याच्या आदल्या संध्याकाळी जाऊन पाहावे. ठोकळ्यांच्या जागी खडीचे दगड किंवा लाद्यांचे तुकडे ठेवलेले दिसले तर तेथेच हरकत घ्यावी. इतक्या क्षुल्लक वस्तूवर इमारतीची पंचवीस-तीस वर्षे अवलंबून असतात.

तिसरी सळई. पूर्वी साधी गोल सळई होती, मग पिळाची टोर सळई आली, आणि आता टीएमटी. टीएमटी चांगलीच, पण सळई विकली जाते वजनावर आणि मोजली जाते व्यासावर, आणि जेथे दोन मापे असतात तेथे चोरीला जागा असते. याचा एक सोपा हिशोब आहे: व्यासाचा मिलिमीटरमधला आकडा त्यालाच गुणा आणि १६२ ने भागा, म्हणजे एक मीटर सळईचे वजन किलोत मिळते. बारा मिलिमीटरची सळई असेल तर १४४ भागिले १६२, म्हणजे सुमारे ८९० ग्रॅम. बारा मीटरच्या सबंध सळईचे वजन साडेदहा किलोच्या वर भरले पाहिजे. मानकात थोडी सूट आहे, पण नऊ किलो भरली तर ती बाराची नव्हे. तागा गजाने मोजून पाहणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही.

वाळूचा प्रश्न आता बदलला आहे. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा रेती उपशावर बंदी आणली, तेव्हापासून दगड भरडून केलेली वाळू अधिक वापरात आली. खाडीच्या खारट रेतीपेक्षा ती बरी, मात्र तिच्यात दगडाची भुकटी जास्त नको.

भिंती आता विटांच्या राहिलेल्या नाहीत. हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या, ज्यांना एएसी ब्लॉक म्हणतात, त्या भिंती विटेच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याच्या वजनाच्या असतात. इमारतीवरचे ओझे घटते, पाया हलका होतो, घर थोडे थंड राहते. पण दुकानदाराने लक्षात ठेवावे की या भिंतीत साधा खिळा किंवा साधा स्क्रू भार धरीत नाही. तागे ठेवायचे रॅक त्यावर टांगू नयेत, जमिनीवर उभे करावेत. दुसरी नवी पद्धत अॅल्युमिनियमच्या साच्यांची. तीत भिंती आणि स्लॅब एकाच वेळी काँक्रीटने भरतात, काम झपाट्याने होते आणि गिलाव्याची गरज फार राहत नाही. अशा घरातली भिंत हीच इमारतीचा खांब असते. मुलाचे लग्न झाले म्हणून मधली भिंत काढली, दोन खोल्या एक केल्या, हे जे आपण जुन्या घरांत करीत आलो ते तेथे करता येत नाही. केले तर वरच्या सर्व मजल्यांचा जीव धोक्यात येतो. घराचा नकाशा त्यामुळे पहिल्याच दिवशी आपल्या कुटुंबाच्या गरजेप्रमाणे पाहून घ्यावा.

आता उंचीविषयी. १९९१ च्या विकास नियमावलीतील ३३(७) या कलमाने जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाला अडीच एफएसआय दिला. पुढे तो तीन झाला. सध्याच्या २०३४ च्या नियमावलीत तीन, किंवा जुन्या रहिवाशांना लागणारे क्षेत्र अधिक प्रोत्साहन क्षेत्र, यांत जे जास्त ते मिळते. राहत्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट. संमती पूर्वी ७० टक्के लागे, आता ५१ टक्के. याचा अर्थ सरळ आहे. जुन्या लोकांची घरे फुकट बांधायची, तर त्यांचा खर्च वर विकायच्या घरांतून काढायचा. खोल्या जितक्या दाट, तितकी विक्रीची घरे जास्त, तितकी इमारत उंच. आमच्या भागात शंभर-दीडशे बिऱ्हाडांची एकेक इमारत आहे, म्हणून येथे टॉवर दिसतात. भेंडी बाजारात साडेसोळा एकरांवर सुमारे अडीचशे जुन्या इमारतींचा एकत्रित पुनर्विकास सुरू आहे, त्यात रस्ते आणि मोकळी जागा नव्याने आखता आली हा मोठा फायदा. एकट्यादुकट्या छोट्या प्लॉटवर तसे जमत नाही.

छोट्या प्लॉटला माझ्या मते मधली उंची मानवते. सध्याच्या नियमावलीत ३२ मीटरच्या वर गेलेली इमारत उंच इमारत समजली जाते. म्हणजे साधारण दहा मजले. त्यापुढे अग्निशमनाच्या अटी वाढतात, बंबासाठी रुंद मोकळी जागा लागते, आसऱ्याचा मजला लागतो. या सर्व गोष्टी सुरक्षिततेच्या आहेत, त्यांत काटछाट कुणी मागू नये. पण त्यांचा महिन्याचा खर्च असतो. तीन-चार लिफ्ट, पाणी वर चढविणारे पंप, आगीचे पंप, जनरेटर, पहारेकरी. जो भाडेकरू आज महिन्याला दोन-तीनशे रुपये भाडे देतो, त्याला टॉवरमध्ये काही हजारांचे बिल येते, आणि ते घर स्वतःचे असूनही येते. म्हाताऱ्या विधवा बाईने ते कुठून द्यायचे? बिल्डर कॉर्पस म्हणून एकरकमी रक्कम देतो. त्या रकमेच्या व्याजातून मासिक खर्च निघतो का, एवढेच गणित करून पाहावे. बहुतेक वेळा निघत नाही. मग घर विकून मुंब्रा-मीरा रोड गाठावे लागते, आणि ज्याच्यासाठी सही केली ते घर दुसऱ्याचे होते. आठ-नऊ मजल्यांत दोन लिफ्टवर भागते. तेथे वीस-तीस चौरस फूट कमी मिळाले तरी सौदा तोट्याचा नाही.

तळमजल्याबाबत एक इशारा. गाड्यांसाठी खालचा मजला नुसत्या खांबांवर मोकळा सोडतात, किंवा दुकानांसाठी भिंती काढून टाकतात. वरचे मजले भिंतींनी कडक आणि खालचा मोकळा, अशी इमारत भूकंपात गुडघ्यात मोडते. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात तेथून दोनशेहून अधिक किलोमीटर लांब असलेल्या अहमदाबादमध्ये अशाच खांबांवरच्या मधल्या उंचीच्या इमारती पडल्या. मुंबई भूकंपाच्या मध्यम पट्ट्यात गणली गेली आहे. तळमजल्याचे कॉलम त्या हिशोबाने मोठे धरले आहेत का, हे आपल्या बाजूच्या स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्यावे. त्याची फी सर्व भाडेकरूंत वाटली तर माणशी एका लग्नाच्या आहेराइतकीही होत नाही.

या सर्व बदलांत रस्त्याचा चेहराही बदलतो आहे. जुन्या इमारतीला ओटा होता, पुढे आलेली गॅलरी होती. पावसात गिऱ्हाईक गॅलरीखालून चालत दुकानोदुकान फिरे. फोर्टमध्ये हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी रोडवर, इमारतींखालून सलग कमानी सोडण्याचा नियमच होता, म्हणून आजही तेथे भर पावसात खरेदी होते. आमच्याकडे नवी इमारत मागे सरकते, पुढे फाटक आणि गाड्यांचा चढाव येतो. गॅलरी तर नाहीशीच झाली. १९९१ नंतर 'फ्लॉवर बेड' एफएसआयमध्ये मोजत नसत, म्हणून प्रत्येक खिडकीबाहेर फुलांच्या नावाने जागा निघाली, जेथे कधी एक फूल उगवले नाही. लोकांनी ती खोलीत घेतली. २०१२ मध्ये ती पळवाट बंद करून ३५ टक्के फंजिबल क्षेत्र दिले गेले, तेव्हापासून इमारती सपाट आणि काचेच्या दिसू लागल्या. २००२ मध्ये मोहम्मद अली रोडवरून उड्डाणपूल गेला, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या माळ्याच्या खिडक्यांसमोर मोटारी आल्या. त्या आवाजाला आणि धुराला काचबंद घर हे एक उत्तर आहे, हेही मान्य केले पाहिजे.

दुकानदारांना काही शब्द वेगळे. दुकानाला मूळ नियमाप्रमाणे जेवढी जागा ताब्यात आहे तेवढीच मिळते, राहत्या घरासारखी किमान मर्यादा त्याला नाही. आपला पोटमाळा, ज्यावर अर्धा माल असतो, मोजणीत धरला जाईलच असे समजू नये. त्याची परवानगीची जुनी कागदपत्रे आत्ताच शोधून ठेवावीत. नव्या गाळ्याची उंची किती, आत कॉलम कुठे येतो, टेम्पो कुठे लागेल आणि हमाल गठ्ठे कोणत्या दाराने आणतील, हे नकाशावर दाखवून घ्यावे. गाळा पहिल्या मजल्यावर देणार असतील तर जमिनीची भार सोसण्याची क्षमता दर चौरस मीटरला किती किलो धरली आहे, तो आकडा करारात लिहून घ्यावा. ४०० किलो धरले असेल तर वर तागे छातीपर्यंत रचता येणार नाहीत, मग लादी कितीही चकचकीत असो.

रेरा कायद्याने खरेदीदाराला बांधकामातील दोषांबद्दल पाच वर्षांचे संरक्षण दिले आहे. पुनर्वसनात घर मिळविणाऱ्याने हे आपोआप मिळेल असे न मानता पाच वर्षांची जबाबदारी आपल्या नोंदणीकृत करारात स्वतंत्रपणे घालून घ्यावी. जास्तीचे क्षेत्र विकत घेत असाल तर जीएसटीचा विचार करा: बांधकाम चालू असलेल्या साध्या निवासी घरावर ५ टक्के, दुकानावर १२ टक्के, दुकाने एकूण क्षेत्राच्या १५ टक्क्यांपर्यंत असलेल्या निवासी प्रकल्पात मात्र दुकानालाही ५ टक्के. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार जागेवर हा कर नाही. सिमेंटवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा माल महागल्याचे कारण सांगून कुणी ठरलेले क्षेत्र कमी करू पाहिले तर हा आकडा त्याच्यापुढे ठेवावा.

आणि दुकान रिकामे करण्याची तारीख लग्नसराई संपल्यानंतरची घ्यावी. तिच्याच पुढे गाळा परत देण्याची तारीख, आणि त्या तारखेनंतर होणाऱ्या प्रत्येक महिन्याच्या उशिराचे भाडे किती, हे त्याच कलमात आकड्यात व अक्षरांत लिहिले पाहिजे.